टाकी क्रमांक एकची भूक

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. निरगुडसर.

घडले ते क्रमाने:

१. ३ जानेवारीला निरगुडसरजवळच्या तूप कारखान्याचा सांडपाण्याचा चर गोठलेल्या तुपाने तुंबला.
२. सांडपाणी बांधावरून ओढ्यात गेले.
३. ओढ्याच्या खालच्या डोहात दादाभाऊ या मेंढपाळाने त्याच सकाळी एकशे बेचाळीस मेंढ्या धुतल्या. लोकर कातरण्याआधी त्या धुवायच्या असतात.
४. धुतल्यावर मेंढ्या आधीपेक्षा तेलकट झाल्या.
५. कातरणाऱ्याच्या हातातून कातर तीनदा निसटली. तिसऱ्या वेळी पायावर पडली.
६. दादाभाऊने मेंढ्यांसह कारखान्याच्या फाटकात ठाण मांडले. मेंढ्यांनी मालकांची बाग खाल्ली.
७. तक्रार झाली. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली; २९ मार्चला ते नमुना घेणार. बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त तूप नको.
८. कारखान्याचे मालक जालिंदरशेठ यांनी पुण्यात माझ्या वरिष्ठ मॅडमना फोन केला.
९. मला पाठवण्यात आले.

माहिती तिघांकडून स्वतंत्रपणे घेतली. मेंढ्यांच्या आकड्यावर एकमत नाही. दादाभाऊचा धरला, कारण मेंढ्या त्याच्या आहेत.

कामाच्या वहीत आकडे जातात. ती मॅडम वाचतात. ही कोणी वाचत नाही.

काम असे आहे. हजार लिटरची एक चाचणी टाकी, खालून हवा सोडणारा ब्लोअर, आणि माझे जिवाणू. माझे म्हणजे जुन्नरला एका तेलघाण्यामागच्या चिखलातून दोन वर्षांपूर्वी मी वेगळे केलेले. ते तुपातली मेदाम्ले खाऊन जगतात. दुसऱ्या बाजूला सुदर्शन नावाचा विक्रेता रसायनाचे स्वयंचलित यंत्र घेऊन बसला आहे. शेठ २२ मार्चला दोघांतले एक निवडणार. यंत्र आले तर टाकी जाईल, माझे दोन वर्षांचे काम शीतकपाटात जाईल, आणि टाकीचे ऑपरेटर सोनबाकाका घरी जातील. यंत्राला माणूस लागत नाही. सोनबाकाका अठ्ठावन्न वर्षांचे. गुडघ्यांमुळे दिवाळीत मेंढरे विकली आणि या कारखान्यात नोकरी धरली. दादाभाऊ त्यांचा चुलतभाऊ. दोघे सध्या बोलत नाहीत, कारण एक फाटकाच्या आत आहे आणि दुसरा बाहेर.

पोचले तेव्हा सोनबाकाकांनी तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला. कामाच्या ठिकाणी मी कोणाकडचे काही घेत नाही. तसे सांगितले.

"उन्हातनं आलाय, ताई."

"सवय आहे."

त्यांनी माझ्या थंड पेटीकडे पाहिले. "ह्येच का ते?"

"हो."

"किती हायेत?"

"मिलिलिटरला दहा कोटी."

"आन खात्यात काय?"

"तूप."

"नुस्तं तूप? भाकरबिकर?"

"काही नाही. फक्त तूप."

ते बराच वेळ पेटीकडे पाहत राहिले. मी जिवाणूंचे कल्चर टाकीत ओतले, ब्लोअर चालू केला, सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला. त्यात टाकीत टाकू नयेत अशा अकरा वस्तूंची यादी आहे: साबण, फिनेल, ॲसिड, डिझेल, गुटख्याची पुडी वगैरे. सहाला निघाले. सोनबाकाका खडा हातात घेऊन टाकीपाशीच उभे होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

टाकीची पद्धत: रोज सकाळी निम्मे पाणी काढायचे, निम्मे नवे भरायचे, दुसऱ्या सकाळी नमुना घ्यायचा. हेक्झेन हे द्रावक घालून पाण्यातले तूप ओढून घेते, हेक्झेन उडवते, उरते ते तोलते.

सोनबाकाकांनी विचारले, ही खातात म्हणजे नेमके काय करतात. ऑपरेटरला प्रक्रिया माहीत असावी, म्हणून सांगितले. तुपाच्या कणात मेदाम्लाच्या तीन साखळ्या एका दांड्याला बांधलेल्या असतात. जिवाणू आधी त्या सोडवतो. मग एक साखळी आत घेतो. तिच्या टोकाला मूठ बसवतो. या कामात ऊर्जा जाते, मिळत काही नाही. त्यानंतर चार कामे ठरलेल्या क्रमाने: हायड्रोजन काढणे, पाणी घालणे, पुन्हा हायड्रोजन काढणे, तोडणे. दर खेपेला दोन कार्बनचा तुकडा सुटतो. उरलेल्या साखळीवर पुन्हा तेच. काढलेल्या हायड्रोजनातून आणि सुटलेल्या तुकड्यांतून त्याला ताकद मिळते, आणि त्यासाठी हवा लागते, म्हणून ब्लोअर बंद पडता कामा नये.

"म्हंजी उसावानी," ते म्हणाले. "आदी मोळी सोडायची. मग येकेक ऊस घ्यायचा. दोन-दोन कांडी मोडून खायची."

"साधारण."

"तुपातल्या उसाला कांडी किती?"

"सोळा. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या साखळीला."

त्यांनी बोटांवर मोजले. "सात मोडी, आठ तुकडं."

बरोबर. महाविद्यालयात मी दोन वर्षे प्रात्यक्षिके घेतली. निम्मे विद्यार्थी आठ मोडी सांगत.

"लई कष्टाचं खानं हाय," सोनबाकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती. ब्लोअरबद्दल असावी. ते जबाबदार दिसतात.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आत येणाऱ्या पाण्यात तूप: लिटरला ४०४ मिलिग्रॅम. टाकीतल्या पाण्यात: ३९६.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र जिवाणू गर्दीने. काडीसारखे, टपोरे, जोमाने विभागणारे. सात दिवसांत संख्या तिप्पट. इतके तजेलदार मी प्रयोगशाळेतही पाहिले नव्हते.

वाढ उत्तम. खाणे शून्य. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. जुन्नरचे रस्ते भरलेले, घरी गेले नाही. आईचा फोन. "जेवतेस का नीट?" ३९८ म्हणाले. तिने फोन बाबांना दिला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सुदर्शन आला. गेल्या पाच दिवसांतली ही चौथी खेप. त्याचे यंत्र कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. इकडे येण्याचे कारण नाही. माझी पिपेट कोणत्या कंपनीची ते विचारले. मग मी मूळची कुठली ते विचारले. मग शनिवारी काय करते ते विचारले. पद्धतशीर माहिती काढतो आहे. तीनही उत्तरे दिली नाहीत.

जाताना म्हणाला, "मॅडम, तुमचं काम बघायला फार छान वाटतं."

आता नमुने कुलपात ठेवते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

३९१. टाकीच्या पायथ्याशी मुंग्यांची रांग. टाकीच्या आसपास गोडसर वास. अर्ध्या किलोमीटरवर गुऱ्हाळ चालू आहे आणि वारा तिकडून येतो. नोंद केली.

सोनबाकाकांना मुंग्यांबद्दल विचारले. म्हणाले, "मुंग्या म्हंजी चांगला शकुन, ताई." आणि झाडू घेऊन लगेच झाडायला लागले. शकुन झाडून टाकण्याची पद्धत मला माहीत नव्हती.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

२६२.

पुन्हा केले. २५८.

काल महाशिवरात्र. कारखाना अर्धा दिवसच चालला, म्हणजे आत आलेल्या पाण्यातच तूप कमी असणार. आत येणाऱ्या पाण्याचा नमुना काल घेतला नव्हता, माझी चूक. निष्कर्ष: हा आकडा वगळावा.

काल सोनबाकाका दिवसभर टाकीपासून लांब बसून होते. उपास होता. टाकीकडे पाहून दोनदा सुस्कारा टाकला. भूक लागली असेल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

३८७. वगळले ते बरोबरच होते.

बुधवार, ५ मार्च

टाकीला भेट देणाऱ्यांची संख्या वाढली आहे. मी सकाळी अकरापर्यंत आतल्या खोलीत तोलकाट्यापाशी असते, टाकी तिथून दिसत नाही, पण आवाज येतात. दूध घालायला येणाऱ्या बाया वाकून बघतात. सोनबाकाकांच्या पत्नी बाळाबाई रोज येतात. आज एकीचा आवाज: "अगं बाई, ह्यांला डोळं हायेत का?" बाळाबाई म्हणाल्या, "डोळं न्हाईत, नुस्तं तोंड. माज्या दिरावानी."

दादाभाऊसुद्धा आला होता. फाटकाबाहेरून ओरडला, "सोन्या, तुझी नवी मेंढरं कशी हायेत?"

"तुझ्यापरास बरी! कुनाची बाग खात न्हाईत!"

"कायच खात न्हाईत म्हनं!"

 महिन्याभरात दोघांचे हे पहिले संभाषण.

लोकसहभाग चांगला आहे. अहवालात तसे लिहावे.

शनिवार, ८ मार्च

पुण्याच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. पाण्यात जिवाणूंना खाण्यासारखे आणि जाळण्यासारखे एकूण किती आहे, ते ही चाचणी सांगते. टाकीत जाते ते कमी. टाकीत आहे ते जास्त. जवळजवळ दीडपट.

टाकीत खाद्य कमी व्हायला हवे. वाढू शकत नाही. प्रयोगशाळेला फोन केला. ते म्हणाले, चाचणी दोनदा केली.

टाकी काही बनवत नाही. म्हणजे कोणीतरी काही टाकते आहे.



सोमवार, १० मार्च

बेनेडिक्टचे निळे द्रावण, पाच थेंब टाकीतले पाणी, गरम पाण्यात दोन मिनिटे. विटकरी लाल.

साखर.

आता सगळे जुळते. माझे जिवाणू साखर मिळाली की तूप सोडतात. तूप तोडायची हत्यारे बनवायला खर्च येतो. ती बनवण्याच्या सूचनांवर एक प्रथिन कुलपासारखे बसलेले असते. मेदाम्ल आले की ते उठते. पण पेशीत साखरेची चंगळ असेल तर दुसरे प्रथिन तिथे ठाण मांडते. काम होतच नाही. दारात तुपाचे कण उभे असतात आणि आत कोणी उठत नाही.

साखर घातली तर ही टाकी बंद पडेल, हे कोणाला ठाऊक असेल? रसायन क्षेत्रात काम करणाऱ्याला. कोणाचा फायदा होईल? त्याच माणसाचा. टाकीपाशी कारणाशिवाय कोण येते?

सुदर्शन.

पुरावा लागेल. शुक्रवारी धुळवडीची सुट्टी आहे. कारखाना बंद असेल. असे काम करणारा माणूस असा दिवस सोडणार नाही. कोणाला सांगितले नाही. सोनबाकाकांना सांगितले असते, पण त्यांच्या चेहऱ्यावर सगळे दिसते.

शुक्रवार, १४ मार्च

सविस्तर लिहिते, कारण पुढे लागेल.

सकाळी साडेसहाला पोचले. रिकाम्या पिंपांच्या मागे बसले. ७.१० ला सुदर्शनची मोटारसायकल. उतरला, आरशात पाहून केस नीट केले, टाकीपाशी गेला. हातात थर्मास. झाकण उघडू लागला. मी बाहेर आले.

"हातात काय आहे?"

तो दचकला. "चहा."

"कोणासाठी?"

त्याचे कान लाल.

"त्यात साखर किती?"

"मॅडम?"

"साखर. किती?"

"दोन... दोन चमचे. तुम्हाला कमी लागते का?"

थर्मास ताब्यात घेतला. पुरावा म्हणून. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आज सुट्टीलाही येणार असं वाटलंच होतं, म्हणून..." वाक्य पुरे केले नाही. गुन्हेगार अशा वेळी बोलत नाहीत असे वाचले आहे.

तेवढ्यात मागच्या बाजूने आवाज. आम्ही दोघेही पटकन पिंपांच्या आड झालो. त्यांना दिसलो नाही. सोनबाकाका पुढे, बाळाबाई मागे. बाळाबाईंच्या हातात झाकलेले ताट. सोनबाकाकांनी टाकीचे झाकण काढले. बाळाबाईंनी पुरणपोळीचे तुकडे करून आत टाकायला सुरुवात केली.

"खा रं लेकरांनो. वरसाचा सन हाय."

"ल्हान कर, ल्हान. घशात आडकंल."

"यवढ्या मोट्या टाकीत घसा कुटला आडकतोय? गूळ टाकला का सकाळचा?"

"टाकतो की. ह्यो बघ." खिशातून ढेकूळ काढले. मुठीएवढे.

सुदर्शन माझ्या शेजारून हळूच म्हणाला, "मॅडम, थर्मास द्याल का परत?"

दिला.

पुढे गेले. सोनबाकाकांनी मला पाहिले आणि हातातले ढेकूळ पाठीमागे लपवले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.

"किती दिवस?" मी विचारले.

"तुमी आला त्या दिसापास्नं."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. येक-येक ढेकूळ. बाया आल्या तर त्या बी काय काय... गुळवनी, उसाचा रस. भागूनं येकदा बासुंदी आनली व्हती." भागू म्हणजे दूध घालणाऱ्यांपैकी एक.

"का?"

त्यांनी बाळाबाईंकडे पाहिले. बाळाबाईंनी उत्तर दिले. "आवो, पुन्यास्नं आलेली. उनातान्हात, यष्टीनं, त्या बरफाच्या डब्यात. दारात आलेलं कुनी कोरडं ऱ्हातं का? तुमी तर गूळ-पानी घेतलं न्हाई. मग हे म्हनले, निदान तुमच्या संगं आलेत त्यांला तरी द्यावं."

"आन नुस्त्या तुपावर कुनी जगतं का?" सोनबाकाका म्हणाले. "तुमीच म्हनला, लई कष्ट. सात मोडी. माजं मेंढरू बी नुस्त्या पाल्यावर ठेवलं तर गळपटतं. गुळानं कशी टवटवीत झाली, तुमीच वहीत लिवलं की. वाढ उत्तम म्हनून मला वाचून दाखवलं व्हतं."

दाखवले होते.

"महाशिवरात्रीला?" मी विचारले.

"त्या दिशी न्हाई दिलं काय. आमचा उपास, तर त्यांचा बी उपास धरला. रताळं द्यावं म्हनलं, पन मग म्हनलं, नगं, लई जड व्हईल. समदा दिवस जीव तुटत व्हता माजा."

२६२. पुन्हा केले तेव्हा २५८. तो एकच आकडा मी वगळला होता.

मग सगळे समजावून सांगितले. गूळ असेल तोवर ते उसाची मोळी सोडतच नाहीत. आयते मिळते आहे, हत्यारे कशाला घडवायची? सव्वा महिना तुम्ही त्यांना जेवू घातले आणि तूप तसेच पडून राहिले.

सोनबाकाका ऐकत होते. मग टाकीच्या कठड्यावर बसले. "म्हंजी बावीस तारखंला यंत्र येनार."

"बहुतेक."

"आन त्ये मीच आनलं."

बाळाबाई म्हणाल्या, "का वो, तुमच्या त्या कागदात लिवलंय का, गूळ देऊ नगा म्हनून?"

भिंतीवरचा कागद पाहिला. अकरा वस्तू. गूळ नाही. बासुंदीही नाही.

"शिकल्याल्या मानसानं आदी सांगायचं अस्तं," बाळाबाई म्हणाल्या आणि रिकामे ताट उचलून गेल्या.

सुदर्शन केव्हा गेला ते पाहिले नाही. पिंपावर चहाचा भरलेला कप ठेवलेला होता. हेतू अस्पष्ट.

शनिवार, १५ मार्च

४०१. पुरणपोळी.

बाराव्या वस्तूची भर कागदात घातली: "गूळ, साखर, रस, काकवी, पुरण, बासुंदी, कोणतेही गोड किंवा खाण्याचे पदार्थ, कोणत्याही सणाला." सोनबाकाकांनी वाचून घेतले आणि विचारले, मीठ चालेल का. तेरावी वस्तू लिहिली.

सोमवार, १७ मार्च

३७१. साखरेची चाचणी: निळी ती निळीच.

दूध घालणाऱ्या बायांना सोनबाकाका स्वतः अडवतात. आज भागूला म्हणाले, "जवळ यिऊ नगं. पथ्य चालूय."

"आजारी हायेत व्हय?"

"न्हाई. आळशी झाल्यात. लाडानं."

मंगळवार, १८ मार्च

२२८.

सोनबाकाका टाकीकडे पाठ करून बसतात. कोकराचे दूध तोडताना त्याच्याकडे पाहायचे नसते, म्हणाले. नाहीतर माणूसच विरघळतो. "पन कोकरू तीन दिस वरडतं तरी. ही वरडत बी न्हाईत. त्याचंच लई वाटतं."

गुरुवार, २० मार्च

काल ११७. आज ५८. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू थोडे, सडपातळ, चपळ. टाकीवरचा तुपाचा पातळ पापुद्रा गेला.

सोनबाकाकांनी पाण्यात बोट घालून बोटाला बोट घासले. चिकट लागले नाही. माझ्याकडे पाहिले.  मी आकडा पुन्हा तोलला, गरज नसताना.

शुक्रवार, २१ मार्च

३१. उतार मंदावतो आहे. कमी तूप उरले की कण शोधायला वेळ लागतो. हे अपेक्षित. उद्या दहाच्या खाली येणार नाही. तीन वेळा हिशेब मांडला. येत नाही.

सोनबाकाकांना सांगितले. ते विहिरीकडे पाहत म्हणाले, "ताई, बारा-पंधरा बादल्या इहिरीचं पानी वतू का टाकीत? तूप तेवढंच ऱ्हाईल, पन पानी वाढंल."

हिशेब बरोबर होता. तीनशे लिटर काढून तेवढेच स्वच्छ पाणी ओतले तरी बराच फरक पडेल.

"नाही."

"मी वततो. तुमी तिकडं बघा."

"नाही, काका."

त्यांना 'काका' अशी हाक मी पहिल्यांदाच मारली, हे आत्ता लिहिताना लक्षात आले.

शनिवार, २२ मार्च

१९.

सुदर्शनच्या यंत्राचा आकडा ८. त्याने तो जालिंदरशेठना सांगितला आणि लगेच म्हणाला, "पण शेठ, आमच्या यंत्रातून रोज दोन पिंपं गाळ निघतो. तो कुठं टाकायचा ते अजून ठरलेलं नाही." स्वतःच्या मालाबद्दल विक्रेता असे का सांगेल, कळत नाही. सांगताना माझ्याकडे पाहत होता.

शेठनी माझे सगळे आकडे पाहिले. १७ फेब्रुवारीपासून १५ मार्चपर्यंत बोट फिरवले. "महिनाभर काय, ताणून दिली व्हती का तुमच्या किड्यांनी?"

मी कारण सांगण्याआधीच ते म्हणाले, "मला कळलंय. गावात सगळ्यांना कळलंय. दादाभाऊ तर सांगत फिरतोय, आमच्या सोन्यानं जिवाणूंचं बारसं घातलं म्हनून." मग हसले. मग हसू थांबवले. "हे बघा, म्याडम. तुमाला येक आठवडा आनखी देतो. पन सोनबा नको. उद्या परत बत्तासे टाकंल. मी दुसरा मानूस देतो. बोला."

सोनबाकाका दहा पावलांवर ब्लोअरपाशी उभे होते. ब्लोअरचा आवाज मोठा आहे. ऐकू गेले असेल की नाही, सांगता येत नाही. ते काही करत नव्हते, फक्त ब्लोअरवरची धूळ पुसत होते. धूळ नव्हती.

मी म्हणाले, लेखी उत्तर देते.

रविवार, २३ मार्च

उत्तर सकाळी शेठच्या घरी दिले. प्रत इथे ठेवते.

"श्री. जालिंदरशेठ,

आपण काल दिलेला प्रस्ताव मला मान्य नाही. कारणे लिहिते.

टाकीत १० फेब्रुवारी ते १४ मार्च या काळात महाशिवरात्र सोडून रोज गूळ पडत होता. तो ऑपरेटर सोनबा यांनी टाकला. हे खरे आहे आणि मी ते लपवणार नाही. पण काय टाकू नये याची यादी मी केली होती. तिच्यात गूळ नव्हता. त्या एकाच बाबतीत त्यांना सूचना नव्हती, आणि जिथे सूचना होती तिथे त्यांनी एकही चूक केलेली नाही. आजवरच्या बेचाळीस दिवसांत ब्लोअर एकदाही बंद पडला नाही. सकाळचे पाणी एकदाही उशिरा भरले गेले नाही. साखर पाण्यात आली आहे, हे समजायला मला अठ्ठावीस दिवस लागले. त्या काळात वाढ उत्तम असल्याचे मी स्वतः त्यांना वाचून दाखवत होते.

या काळात मी दुसऱ्या विक्रेत्यावर संशय घेतला होता. तो निराधार होता. तशी नोंद असावी.

गूळ बंद झाल्यापासूनचे आकडे सोबत आहेत: ३७१, २२८, ११७, ५८, ३१, १९. आज सकाळी १५. यात विहिरीचे पाणी मिसळलेले नाही. मिसळता आले असते.

नव्या माणसाला ही टाकी शिकवायला मला किमान पंधरा दिवस लागतील. तेवढे दिवस नाहीत. २९ मार्चला मंडळाचे लोक नमुना घेणार आहेत. सोनबा यांना मेदाम्ल कसे तुटते ते माहीत आहे; सात मोडी, आठ तुकडे, हे त्यांनी स्वतः मोजले. कोणती चूक केल्यावर टाकी थांबते, हे आज त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. माझ्यासह.

म्हणून विनंती एकच आहे. २९ मार्चपर्यंत मुदत मिळावी आणि तोवर टाकीवर सोनबाच राहावेत. दोन्ही एकत्र. त्यांना काढायचे असेल तर मुदतही नको; मी टाकी रिकामी करून पुण्याला परत जाईन आणि चाचणी अपयशी ठरल्याचे माझ्या नावाने लिहीन.

आपले उत्तर येईपर्यंत टाकी चालू ठेवत आहे. मंगळवार, २५ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही, एवढे कळवावे.

अश्विनी"